फ्रोझन फ्राइज कशात कराव्यात: एअर फ्रायर, ओव्हन की तापलेले तेल?

एअर फ्रायर घ्यावा की नाही, या विचारात असलेल्या माणसाला फ्रोझन बटाट्याच्या पदार्थांविषयी सहसा दोनच गोष्टी जाणून घ्यायच्या असतात: तेल किती वाचेल आणि तळल्याची चव येईल का. दोन्ही प्रश्न रास्त आहेत, पण त्यांची उत्तरे ज्या गोष्टीवर अवलंबून आहेत ती सहज लक्षात येत नाही. पाकिटातल्या फ्राइज कच्च्या नसतात. कारखान्यात बटाटे सोलून, कापून, गरम पाण्यातून काढून, वरचा ओलावा सुकवून तेलात थोडा वेळ तळले जातात आणि मगच गोठवले जातात. घटकांच्या यादीत बटाट्यापाठोपाठ तेलाचे नाव दिसते ते त्यामुळेच. चांगल्या फ्राइज मुळात दोनदा तळायच्या असतात, पहिल्यांदा आतला बटाटा शिजावा म्हणून आणि दुसऱ्यांदा बाहेरचा पापुद्रा खरपूस व्हावा म्हणून. यातली पहिली फेरी कारखान्यात उरकलेली असते आणि आपल्या वाट्याला दुसरी येते. त्यामुळे खरी तुलना ‘तळलेले की न तळलेले’ अशी नसून, आधीच एकदा तळलेल्या पदार्थाची शेवटची फेरी कशात करावी, अशी आहे.

या शेवटच्या फेरीत नेमके काय घडते, ते पाहू. पृष्ठभागावर पाणी आहे तोवर तिथले तापमान १०० अंश सेल्सिअसच्या फारसे वर जात नाही, कारण मिळालेली उष्णता पाण्याची वाफ करण्यातच खर्च होते. पृष्ठभाग कोरडा पडला की तापमान चढू लागते, आणि साधारण १४० अंशांच्या पुढे साखर व अमिनो आम्ले (प्रथिनांचे घटक) यांच्यातली ती प्रक्रिया वेगाने सुरू होते, जिचे वर्णन लुई-कामिय मेलार या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १९१२ मध्ये केले. सोनेरी रंग आणि भाजल्याचा वास यांचे मूळ त्या प्रक्रियेत आहे, तर कुरकुरीतपणाचे मूळ त्याआधीच्या कोरडे होण्यात. म्हणून कोणतेही साधन पारखताना एकच प्रश्न विचारावा: ते पृष्ठभागावरची वाफ किती झपाट्याने दूर करते?

तेल या कामात सर्वांत तरबेज आहे. ते पदार्थाला सर्व बाजूंनी एकसारखे भिडते आणि हवेच्या कितीतरी पट वेगाने उष्णता पोहोचवते, म्हणूनच १७५ अंशांच्या तेलात तीन-चार मिनिटांत जे साधते, त्याला २०० अंशांच्या हवेत बारा ते अठरा मिनिटे लागतात. एअर फ्रायर म्हणजे वस्तुतः लहान आकाराचा, जोरदार पंख्याचा ओव्हन. फिलिप्सने २०१० मध्ये हे नाव बाजारात आणले, तेव्हाही त्यामागचे तत्त्व गरम हवेच्या वेगवान झोताचेच होते. वर तापणारी कॉइल, तिच्याजवळ पंखा आणि खाली जाळीदार टोपली, एवढीच त्याची रचना. जागा लहान असल्यामुळे हवा वेगाने फिरते आणि पदार्थाभोवती साचलेला वाफेचा थर सतत मोडत राहते. पंखा नसलेल्या ओव्हनमध्ये हा थर बराच वेळ तसाच राहतो. शिवाय सपाट ट्रेवर ठेवलेल्या फ्राइजच्या खालच्या बाजूला वाफेला वाटच नसते, त्यामुळे वरून छान दिसणारी फ्राय खालून मऊ निघते.

आता पोताविषयी. एकाच पाकिटातल्या फ्राइज मी तिन्ही प्रकारे करून शेजारी शेजारी ठेवून पाहिल्या आहेत. तेलातली फ्राय मोडताना पातळ काचेसारखा आवाज येतो, पापुद्रा नाजूक असतो आणि आतला बटाटा ओलसर, भुसभुशीत राहतो. एअर फ्रायरमधली फ्रायही कुरकुरीत असते, मात्र तिचा पापुद्रा किंचित जाड आणि कोरडा लागतो, टोके अधिक कडक होतात आणि वेळ थोडा जास्त झाला की आतला गर आटतो. ओव्हनमधली फ्राय या दोघींच्या मागे राहते, पण पंखा सुरू असेल आणि ट्रेऐवजी जाळी वापरली असेल, तर हे अंतर बरेच कमी होते. चवीच्या बाबतीत माझे मत स्पष्ट आहे: तेलातल्या फ्राइजना तोड नाही. परंतु एअर फ्रायर त्यांच्या इतका जवळ येतो, की आठवड्यातल्या एखाद्या संध्याकाळी दोन बश्या भरण्यासाठी भांडेभर तेल तापवावे असे मला वाटत नाही.

तेलाचा हिशेब सरळ आहे, तरी त्यावरून गैरसमज बरेच आहेत. गोठवलेल्या साध्या फ्राइजमध्ये १०० ग्रॅममागे साधारण ५ ग्रॅम तेल असते. म्हणजे ३०० ग्रॅम फ्राइज एअर फ्रायरमध्ये घातल्या, तर सुमारे १५ ग्रॅम तेल आत गेले आणि खाली गळणारे चार थेंब सोडले तर तेवढेच बशीत आले. उपकरणाने ते काढून घेतले नाही, वाढवले नाही इतकेच. तेलात तळलेल्या फ्राइजमध्ये मात्र तेलाचे प्रमाण १०० ग्रॅममागे १५ ग्रॅमच्या आसपास जाते. यातले पुष्कळसे तेल तळताना आत शिरतच नाही. फ्राइज बाहेर काढल्यावर त्या निवू लागतात, आतल्या वाफेचे पाणी होते, दाब कमी होतो आणि पृष्ठभागावर चिकटलेले तेल आत ओढले जाते. म्हणून तळणाऱ्यांनी फ्राइज बाहेर काढताच झारा जोरात झटकावा आणि त्या लगेच कागदावर टिपाव्यात; त्या पहिल्या मिनिटात केलेल्या कामाने तेलकटपणात जाणवण्याइतका फरक पडतो. उलट एअर फ्रायरमध्ये फ्राइजवर पुन्हा दोन चमचे तेल ओतण्याची सवय निरर्थक आहे. रंग एकसारखा यावा असे वाटत असेल, तर एक लहान चमचा तेल ३०० ग्रॅमला पुरते, आणि पिठाचा पातळ लेप दिलेल्या फ्राइजना तेवढेही लागत नाही. लेसिथिन (पदार्थ चिकटू नये म्हणून घातला जाणारा घटक) असलेले डब्यातले तेलाचे फवारे मात्र टाळावेत, कारण त्यांचा चिकट थर टोपलीच्या नॉनस्टिक लेपावर बसतो आणि तो घासता घासता लेपच जातो.

एअर फ्रायर खरोखर कमी पडतो तो एका वेळी होणाऱ्या मापात, आणि निवड करताना सर्वांत जास्त विचार याचाच करावा असे मी म्हणेन. चार लिटरची टोपली म्हटले की पुष्कळ वाटते, पण त्या आकड्याला कुरकुरीतपणाच्या दृष्टीने अर्थ नाही. महत्त्व तळाच्या क्षेत्रफळाला आहे. टोपली निम्म्याच्या वर भरली की मधल्या फ्राइजपर्यंत झोत पोहोचत नाही, खालच्यांची वाफ वरच्यांना लागते आणि शेवटी काही करपलेल्या तर काही फिकट, लिबलिबीत अशी सरमिसळ हाती येते. अशा टोपलीत ३०० ते ४०० ग्रॅम, म्हणजे दोन ते तीन जणांपुरते काम नीट होते. सहा-आठ माणसांसाठी करायचे असेल, तर तीन खेपा कराव्या लागतात आणि तिसरी खेप निघेपर्यंत पहिली मऊ पडलेली असते. अशा वेळी मोठ्या ओव्हनमधल्या दोन जाळ्या हाच शहाणपणाचा मार्ग, कारण ओव्हन तापायला दहा-पंधरा मिनिटे आणि पदार्थ व्हायला आणखी वीस-पंचवीस मिनिटे गेली, तरी सर्वांच्या बश्या एकदम भरतात. विजेचे गणितही मापावरच फिरते: १,५०० वॉटचा एअर फ्रायर १८ मिनिटे अखंड चालला, तरी ०.४५ युनिटच्या पुढे जात नाही. पण त्याच्या तीन खेपा आणि ओव्हनची एक फेरी यांची तुलना केली, तर ही बचत जवळपास संपते.

सर्वच पदार्थ एका मापाने मोजता येत नाहीत. बारीक फ्राइज एअर फ्रायरमध्ये उत्तम होतात, कारण त्यांचा पृष्ठभाग जास्त आणि गर कमी असतो. जाड फोडींसाठी आच १८० अंशांवर ठेवून वेळ वाढवावा लागतो, नाहीतर बाहेरून रंग येतो आणि मधला भाग थंड राहतो. किसलेल्या बटाट्याचे लहान गोळे हा माझ्या मते या उपकरणाला सर्वांत मानवणारा प्रकार आहे, कारण त्यांच्यात फटी आणि कडा भरपूर असतात आणि प्रत्येक कड वेगळी खरपूस होते. चपटे हॅश ब्राउन (किसलेल्या बटाट्याच्या टिक्क्या) टोपली हलवून उलटू नयेत, ते मोडतात. अर्ध्या वेळाने चिमट्याने एकेक उलटावेत. (एक-दोनच हॅश ब्राउन करायचे असतील, तर तव्यावर चमचाभर तेलात ते अधिक चांगले होतात, त्यासाठी कोणतेही यंत्र लागत नाही.) चीज भरलेले क्रोकेट (कुस्करलेल्या बटाट्याचे, वरून आवरण दिलेले रोल) मात्र जपून करावेत, कारण सारण वितळून फुटण्याची वेळ आणि आवरण सोनेरी होण्याची वेळ यांत मिनिटभराचेच अंतर असते, इथे तेलाचा वेग उपयोगी पडतो. आणि पातळ, ओल्या पिठात घरी बुडवलेला कोणताही पदार्थ एअर फ्रायरमध्ये घालू नये. तेलात ते पीठ क्षणात घट्ट होते. इथे ते जाळीतून गळते.

कोणतेही साधन निवडले, तरी फ्राइज वितळू देऊ नयेत. वितळलेल्या फ्रायच्या अंगावर पाणी सुटते, आणि ते आधी उडवण्यात निम्मा वेळ जाऊन आतला गर लगदा होतो. फ्रीजरमधून थेट टोपलीत, हाच नियम. तेलात घालताना पाकिटाच्या तळाचा बर्फाचा चुरा तेवढा झटकून टाकावा, कारण तो तापलेल्या तेलात पडला की तेल उसळून अंगावर येते. भांडे निम्म्यापेक्षा जास्त भरू नये आणि तेलाने पेट घेतलाच, तर त्यावर पाणी कदापि ओतू नये. या धास्तीपासूनची सुटका हा एअर फ्रायरचा मोठा गुण आहे, विशेषतः जिथे मुले स्वयंपाकघरात वावरतात तिथे. मीठ तिन्ही प्रकारांत शेवटी, बशीत काढल्यावर घालावे.

रंगाबाबत थोडे सविस्तर सांगणे भाग आहे. पिष्टमय पदार्थ १२० अंशांच्या वर भाजले किंवा तळले की त्यांत अ‍ॅक्रिलामाइड हे रसायन तयार होते, हे स्वीडनमधल्या संशोधकांनी २००२ मध्ये दाखवून दिले, आणि कर्करोगाच्या दृष्टीने ते संशयास्पद मानले जाते. एअर फ्रायरमध्ये तेल कमी लागते म्हणून हा प्रश्न आपोआप सुटतो, असा समज चुकीचा आहे. ते उष्णतेमुळे, बटाट्यातल्याच साखर व अ‍ॅस्परॅजिन या अमिनो आम्लापासून बनते. युरोपीय संघाच्या २०१७ च्या नियमात फ्राइज १७५ अंशांच्या आत तळाव्यात असे सुचवले आहे, आणि घरासाठीचा सोपा निकष आहे सोनेरी पिवळा रंग, तपकिरी नव्हे. एअर फ्रायरमध्ये बारीक तुकडे आणि निमुळती टोके आधी करपतात, म्हणून मी टोपली भरतानाच तुकडे वेगळे काढते आणि ते शेवटच्या पाच मिनिटांत घालते.

फ्राइज झाल्या की नाही, हे काट्यापेक्षा कानाला लवकर कळते. पहिल्यांदा टोपली हलवली की ओले लाकूड आपटावे तसा बोदा आवाज येतो. पाच-सहा मिनिटांनी पुन्हा हलवली की आवाज हलका होतो, आणि शेवटी जेव्हा कोरड्या शेंगा हलवल्यासारखी खडखड ऐकू येते, तेव्हा एक फ्राय काढून मधोमध मोडून पाहावी. पांढऱ्या गरातून वाफ निघत असेल, तर यंत्र बंद करावे. ओव्हनच्या बंद दारामागे आणि उकळत्या तेलात ही खूण मिळत नाही.

म्हणून दोन-तीन माणसांच्या घरात, फ्रोझन पदार्थ महिन्यातून चार-पाच वेळा होत असतील, तर एअर फ्रायर जरूर घ्यावा, आणि घेताना लिटरच्या आकड्यापेक्षा रुंद, चौकोनी तळाकडे पाहावे. एकावर एक जाळ्या असलेले, दाराचे एअर फ्रायर माप वाढवतात खरे, पण त्यांत वरची जाळी खालचीच्या आधी होते आणि मध्येच जाळ्यांची अदलाबदल करावी लागते. ज्यांना हे लक्षात ठेवणे जमते त्यांनीच ते घ्यावेत. घरात पंख्याचा ओव्हन आधीपासून असेल, तर चांगली जाळी आणून आधी त्यावर महिनाभर करून पाहावे. पुष्कळांचे तेवढ्यावर भागते. आणि ज्यांच्याकडे फ्राइज क्वचितच, पण पाहुण्यांसाठी आणि अगदी उत्तम अशाच हव्या असतात, त्यांनी तेलच वापरावे आणि लहान लहान घाण्यांत तळावे, कारण गोठलेला ढीग एकदम ओतला की तेलाचे तापमान कोसळते आणि पदार्थ तळण्याऐवजी तेल पितो.

उरलेल्या फ्राइजच्या बाबतीत मात्र तुलनाच होत नाही. त्या मायक्रोवेव्हमध्ये चिवट होतात, तेलात पुन्हा तळल्या तर जड होतात आणि मूठभर फ्राइजसाठी ओव्हन तापवणे पटत नाही. एअर फ्रायरमध्ये १८० अंशांवर एका थरात पसरल्या, की तीन-चार मिनिटांत पापुद्रा पुन्हा कुरकुरीत होतो. फक्त निघाल्यावर त्यांवर झाकण ठेवू नये.