डब्यातल्या बारा चौकटी: नऊ महिने वापरल्यानंतर

बर्मिंगहॅमला आल्यापासून रविवारचे जुने बाजार पालथे घालायची खोड लागली आहे. तिथेच हा पेटी कॅमेरा 50 पौंडांना मिळाला. फॉलिंग प्लेट जातीचा, सव्वातीन बाय सव्वाचार इंची काचांचा, म्हणजे फिल्मऐवजी रसायन लावलेल्या काचेवर फोटो घेणारा. कंपनीचं नाव कुठेच नाही. त्या काळात असे बिननावी डबे पुष्कळ निघायचे. विकणारा म्हणाला 1895 चा. घडण बघून पटतं, पुरावा काही नाही.

आत पत्र्याच्या बारा काळ्या चौकटी एकामागे एक उभ्या असतात, प्रत्येकीत एक काच. मागून स्प्रिंग रेटत असते. फोटो झाला की खटका दाबायचा. पुढची चौकट खट्‌ करून तळाशी आडवी होते आणि मागची पुढे सरकते. 1888 च्या पहिल्या कोडॅकमध्ये शंभर फोटोंचा रोल होता खरा, पण तो संपला की अख्खा कॅमेरा कारखान्याला पाठवायची पद्धत. इथे चार फोटो काढा आणि रात्री घरीच धुवा.

हे सगळं खटक्याने ऐकलं तर. पहिले दोन महिने माझ्या डब्यात दोन-दोन चौकटी एकदम पडायच्या, नाहीतर एक अर्ध्यात तिरकी अडकायची. विकणाऱ्याने ‘चालू आहे’ म्हटलं होतं. त्याच्या लेखी चालू म्हणजे खटका हलतो. मी काचेऐवजी फोटोचा कागद कापून घालतो. तो पातळ, त्यामुळे चौकटीत डुगडुगायचा. मागे जाड पुठ्ठा घातला, दोन वाकड्या चौकटी लाकडी पट्टीवर ठेवून हलक्या हाताने सरळ केल्या, तेव्हा गाडी रुळावर आली. असा डबा घेणार असाल तर भिंग नंतर बघा, आधी चौकटी मोजा. माझ्याकडे अकराच आहेत, आणि एकटी बारावी कुठे मिळत नाही.

कागद फारच मंद. ढगाळ दिवशी सेकंद-दोन सेकंद शटर उघडं ठेवावं लागतं, म्हणजे डबा भिंतीवर किंवा स्टुलावर टेकवणं आलंच. वरची दोन व्ह्यूफाइंडरं निव्वळ शोभेची. आतले आरसे इतके काळवंडलेत की माणूस आहे की झाड, तेवढंच कळतं. कातडं कोपऱ्यात सुटलंय. ते मी चिकटवलेलं नाही, चिकटवणारही नाही.

मे महिन्यात साताऱ्याहून आई आली होती. मागच्या अंगणात खुर्चीवर बसवलं, “दोन सेकंद हलू नकोस” म्हटलं. ती श्वास रोखून बसली. लाल दिव्याखाली कागद धुतला, त्या निगेटिव्हवरून दुसरा छापला आणि बघतो तर कुंकू काळंकुट्ट, लाल लुगडं काळं, आभाळ पांढरंफटक. या कागदाला निळा उजेड दिसतो, लाल दिसतच नाही. तेव्हाच्या साध्या काचांचंही तेच होतं. मी हे सगळं आईला समजावलं.

“ते असू दे,” ती म्हणाली, “पण मला एवढी काळी का केलीस?”

पुढच्या खेपेला सावलीत बसवणार आहे. लुगडं मात्र तीच ठरवणार.