खडकाची हालचाल मोजायची की खडकातला दाब? एका बोगद्यापुरता हिशेब

कराडचा एक तरुण ठेकेदार गेल्या महिन्यात दोन कोटेशन घेऊन माझ्याकडे आला. काम उपसा सिंचनाच्या कालव्यावरच्या बोगद्याचं. रुंदी ६ मीटर, आणि डोंगर सर्वांत उंच आहे तिथे डोक्यावर १०० मीटर खडक. पहिल्या कोटेशनमध्ये बोअरहोल एक्स्टेन्सोमीटर, टेप एक्स्टेन्सोमीटर आणि रॉक बोल्टच्या (खडक शिवून धरणाऱ्या पोलादी सळईच्या) प्लेटखाली बसून भार मोजणारे लोड सेल. दुसऱ्यात खडकातला स्ट्रेस मोजून देण्याचं काम: ड्रिलिंग, ओव्हरकोअरिंग (बोअरभोवतीने खडकाचा मोठा दंडगोल, म्हणजे कोअर, कापणं), सेल, तज्ज्ञांची फी. पैसे एकापुरतेच. त्याचं म्हणणं असं, "सर, स्ट्रेस कळला की सगळंच कळलं. मग हालचाल कशाला मोजत बसायची?"

त्याला मी दिलेलं उत्तर इथे सविस्तर लिहितो, कारण सातारा-सांगलीकडे बोगद्याचं किंवा घाटकटाईचं काम घेणाऱ्या बऱ्याच जणांना हीच निवड करावी लागते.

आधी एक गोष्ट मनात पक्की करा. हालचाल थेट मोजता येते. खडकात दोन खुणा केल्या, आज त्यांच्यातलं अंतर घेतलं, आठवड्याने पुन्हा घेतलं. फरक तो फरक. स्ट्रेस, म्हणजे खडकातला दाब, पुस्तकातलं प्रतिबल, असा हाती लागत नाही. जवळपास प्रत्येक स्ट्रेस मोजणारं साधन खरं तर खडकाचा अगदी बारीक आकारबदल मोजतं, आणि आपण त्याला खडकाच्या कडकपणाने, म्हणजे मॉड्युलसने गुणून आकडा काढतो. मॉड्युलस चुकला की आकडाही चुकला. याला एक सुंदर अपवाद आहे, त्याबद्दल पुढे लिहितो.

हालचाल मोजणारी साधनं

टेप एक्स्टेन्सोमीटर सर्वांत साधं. भिंतीत आणि क्राउनमध्ये, म्हणजे छतात, पिना बसवायच्या, स्टीलची टेप प्रत्येक वेळी सारख्याच ताणाने ओढायची आणि डायल वाचायची. सवयीचा माणूस एक दशांश मिलिमीटरपर्यंत तेच रीडिंग पुन्हा आणून दाखवतो. एकदा घेतलं की दहा कामांना पुरतं. त्याची उणीव अशी की ते फक्त पृष्ठभागाचं बोलतं. भिंत २ मिलिमीटर आत आली, एवढंच ते सांगेल. दोन मीटर आतला सांधा उघडला की आठ मीटर आतला, हे त्याला कळत नाही. रुंद बोगद्यात आता टेपऐवजी टोटल स्टेशन आणि रिफ्लेक्टर लावतात. टिपर थांबवावे लागत नाहीत ही मोठी सोय, पण अचूकता मिलिमीटरभराचीच.

आतलं कळायला बोअरहोल एक्स्टेन्सोमीटर लागतो. एका बोअरमध्ये वेगवेगळ्या खोलीवर अँकर ग्राउट करायचे आणि प्रत्येकाचा रॉड तोंडापर्यंत आणायचा. समजा अँकर १, ३, ६ आणि १२ मीटरवर आहेत. पंधरा दिवसांनी १ मीटरच्या अँकरचं अंतर तेवढंच आहे, पण ३ मीटरचं २ मिलिमीटरने वाढलंय, आणि ६ व १२ चंही तेवढंच. म्हणजे खडक १ ते ३ मीटरच्या दरम्यान कुठेतरी सुटलाय आणि बोगद्याकडचा तुकडा अखंड खाली आलाय. तुमचा रॉक बोल्ट दीड मीटरचा असेल तर तो त्या सुटलेल्या तुकड्यातच अडकलेला असू शकतो, म्हणजे आधार कुणाचा कुणाला? बोल्ट ३ मीटरच्या बराच पलीकडे न्यायला हवा. माझ्या मते या धंद्यात पैसे वसूल करून देणारं दुसरं असं साधन नाही, कारण त्याचं रीडिंग सरळ बोल्टच्या लांबीत उतरतं.

आपल्या भागात हे आणखी महत्त्वाचं आहे. दख्खनच्या लाव्ह्याचे थर एकावर एक बसलेत आणि दोन थरांमध्ये बऱ्याच ठिकाणी तांबड्या बोलचा, लोक गेरू म्हणतात तो, पट्टा असतो. वरचा काळा पाषाण सुरुंगालाही दाद देत नाही आणि खालचा बोल भिजला की हाताने कुस्करतो. असा पट्टा क्राउनच्या वर दोन-तीन मीटरवर असेल तर फेसवर, म्हणजे खणकाम चालू असलेल्या टोकाशी, उभं राहून तो दिसत नाही. एक्स्टेन्सोमीटरला मात्र तो पहिल्याच पावसाळ्यात दिसतो.

याच कुळातलं सर्वांत नाजूक साधन म्हणजे स्लायडिंग मायक्रोमीटर. झुरिचच्या ईटीएच या तंत्र विद्यापीठात काल्मान कोवारी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते घडवलं. बोअरमध्ये दर मीटरला शंकूसारखी बैठक बसवतात आणि गोल टोकांचा प्रोब एकेका बैठकीवर टेकवत पुढे जातात. गोळा शंकूत बसला की त्याची जागा दर वेळी तीच, त्यामुळे मीटरमागे दोन-तीन मायक्रॉनची अचूकता मिळते. धरणाच्या पायासाठी किंवा संशोधनासाठी त्याला तोड नाही. कालव्याच्या बोगद्यावर मात्र ते नको. दर रीडिंगला कसलेला हात आणि रिकामा बोगदा, दोन्ही लागतात.

क्राउनवरचा एक्स्टेन्सोमीटर शिडी लावून दर वेळी वाचणं अवघड आणि धोक्याचं. तिथे बोअरच्या तोंडावर व्हायब्रेटिंग वायरचं, केबलने दुरून वाचता येणारं हेड घ्या. हे तत्त्व फ्रेंच धरण-अभियंता आंद्रे कॉइन यांनी १९३१ मध्ये पेटंट केलं. सांगली जिल्ह्यातल्या माणसाला ते समजावणं सोपं आहे. मिरजेत तंबोऱ्याची खुंटी पिळली की स्वर चढतो; या साधनातही ताणलेली तार असते, खडक हलला की तिचा ताण बदलतो आणि स्वरही. विजेच्या झटक्याने तार छेडायची आणि स्वर मोजायचा. तारेच्या ताणाचं नातं स्वराच्या वर्गाशी असतं, तेवढा हिशेब रीडआउट करून देतो. खरा फायदा पावसाळ्यात कळतो. केबल लांब असली, जोडात थोडी ओल शिरली, तर व्होल्टेज मोजणाऱ्या साधनाचा आकडा भरकटतो, पण स्वर तोच येतो. त्याच सुमारास अमेरिकेत रॉय कार्लसन यांनी तारेचा विद्युतरोध मोजणारा मीटर काढला. एकाच उपकरणात ताण आणि तापमान दोन्ही देणारा तो मीटर काँक्रीटच्या धरणांत पुढे अनेक वर्षं वापरला गेला. आज नवीन घ्यायचं तर मी व्हायब्रेटिंग वायरच घेईन.

दाब मोजणारी साधनं

१०० मीटर खाली वरच्या खडकाच्या वजनाने येणारा उभा दाब साधारण पावणेतीन ते तीन मेगापास्कल. अखंड बेसॉल्टची दाब सोसण्याची ताकद कित्येकदा १०० मेगापास्कलच्या वर जाते. म्हणजे या खोलीवर चांगला खडक दाबाने चिरडण्याची भीती नाही. पडेल तो सांध्यांनी सुटा झालेला तुकडा, नाहीतर भिजलेला बोल. दुसऱ्या कोटेशनबद्दलची माझी शंका इथूनच सुरू झाली.

आता मोजायचं किती, ते पाहा. अमेरिकेच्या ब्युरो ऑफ माइन्सचा गेज ३८ मिलिमीटरच्या बोअरमध्ये बसतो आणि बोअरचा व्यास तीन दिशांना मोजतो. मग भोवतीने १५० मिलिमीटरचा मोठा कोअर कापतात. खडक दाबातून मोकळा होतो, बोअर किंचित फुगतं आणि त्यावरून दाब काढतात. सगळ्या बाजूंनी ३ मेगापास्कल दाब आणि खडकाचा मॉड्युलस ६० गिगापास्कल धरला, तर ते फुगणं जेमतेम ४ मायक्रॉन. डोक्याचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो. ड्रिलचं पाणी दोन-चार अंशांनी गार असलं तरी रीडिंगवर त्याची सावली पडते.

दक्षिण आफ्रिकेत लीमन यांनी 'डोअरस्टॉपर' काढला. दाराला लावायच्या रबरी ठोकळ्यासारखा दिसतो म्हणून ते नाव. तो बोअरच्या तळाला चिकटवतात, त्यामुळे तुटक्या खडकात आखूड कोअर निघाला तरी काम भागतं. ऑस्ट्रेलियाच्या सीएसआयआरओ या संशोधन संस्थेचा पोकळ सेल १९७६ चा, वोरोत्निकी आणि वॉल्टन यांचा. त्याचा गुण हा की एकाच बोअरमधून दाबाचे सहाही घटक, म्हणजे सगळ्या दिशांचं पूर्ण चित्र, मिळतं. ब्युरोच्या गेजला त्यासाठी तीन दिशांची तीन बोअर लागतात. पण सेल एकदा चिकटवला की परत मिळत नाही, गेज मात्र काढून पुन्हा वापरता येतो.

आपल्याकडची अडचण वेगळीच आहे. इथला बराचसा खडक गाठीगाठींचा, पोकळ्यांत झिओलाइट हे खनिज भरलेला. एक सेंटिमीटरचा स्ट्रेन गेज झिओलाइटच्या गाठीवर चिकटला तर एक आकडा येतो, शेजारच्या काळ्या खडकावर चिकटला तर दुसरा. आणि खांबांसारखे सांधे असलेल्या पाषाणात ओव्हरकोअर करताना कोअर सांध्यावर तुटतो. दहा प्रयत्नांतले किती टिकतील, हे कोटेशन देणाऱ्याला आधी विचारा आणि लिहून घ्या.

वर म्हटलेला अपवाद म्हणजे फ्लॅट जॅक. १९५० च्या सुरुवातीला फ्रान्समध्ये ही पद्धत रुजली आणि मला ती आजही सर्वांत प्रिय आहे. भिंतीवर दोन पिना बसवून त्यांच्यातलं अंतर घ्यायचं. मधोमध खाच कापायची. खाच दाबाने किंचित मिटते, पिना जवळ येतात. मग खाचेत चपटा जॅक बसवून तेलाचा दाब वाढवत न्यायचा, पिना मूळ अंतरावर येईपर्यंत. त्या क्षणी जॅकमधला दाब तोच जवळजवळ खडकातला दाब. मॉड्युलस माहीत असण्याची गरजच नाही! मर्यादा दोन. एक, सुरुंगाने भिंतीचा वरचा थर तडकलेला असतो, तिथला दाब खरा नसतो. दुसरी, मिळतो तो बोगद्याच्या कडेला एकवटलेला दाब. खणण्याआधीचा हवा असेल तर उलट हिशेब करावा लागतो. जुन्या दगडी पुलाच्या खांबावर किती भार आहे हे पाहायलाही हीच पद्धत चालते.

खूप खोल जायचं तर उरतं हायड्रॉलिक फ्रॅक्चरिंग. बोअरचा एक तुकडा दोन्हीकडून बंद करून पाण्याच्या दाबाने खडक फोडायचा आणि पंप थांबवल्यावर भेग मिटताना असलेला दाब टिपायचा. तो खडकातल्या किमान आडव्या दाबाच्या बरोबरीचा असतो. फेअरहर्स्ट आणि हेमसन यांनी १९६० च्या दशकात ही पद्धत पायावर उभी केली.

दाब मोजणं कुठे अटळ आहे

दाब मोजणं निरुपयोगी आहे असा अर्थ कृपा करून काढू नका. स्वीडनच्या निल्स हास्ट यांनी १९५८ मध्ये आपली मोजमापं प्रसिद्ध केली, तेव्हा कमी खोलीवरही आडवा दाब उभ्यापेक्षा कितीतरी जास्त असू शकतो हे दिसलं. वरच्या वजनावरून सगळं काढता येतं ही समजूत तिथेच मोडली. मोठं भूमिगत वीजगृह खणायचं असेल तर त्याची लांब बाजू कुठल्या दिशेला ठेवायची हे आडव्या दाबावर ठरतं. दाबाच्या पाण्याचा बोगदा अस्तराशिवाय ठेवायचा असेल, तर खडकातला किमान दाब पाण्याच्या दाबापेक्षा जास्त हवा, नाहीतर पाणी खडक उघडत बाहेर जाईल. आणि कोयनेचं तर काय सांगावं. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेचा ६.३ तीव्रतेचा भूकंप आमच्या घरातल्या मोठ्यांच्या तोंडून ऐकतच आम्ही वाढलो. तिथल्या भूकंपांचं मूळ शोधायला गोठण्याजवळ ३ किलोमीटर खोल बोअर घेतलं गेलं. सव्वा किलोमीटर बेसॉल्ट आणि खाली ग्रॅनाइट-नाइस. त्या खोलीत दाब हाच प्रश्न आहे, आणि तिथे टेप घेऊन जाऊन उपयोग नाही.

उलट इटलीतल्या व्हायाँतच्या जलाशयाकडे पाहा. डोंगराची हालचाल तीन वर्षं मोजली जात होती. शेवटच्या दिवसांत ती दिवसाला २० सेंटिमीटरवर गेली आणि ९ ऑक्टोबर १९६३ च्या रात्री सुमारे २७ कोटी घनमीटर खडक जलाशयात कोसळला. दोन हजारांच्या आसपास माणसं गेली. आकडे होते, वेग वाढतोय याचा अर्थ वेळेत लावून गावं रिकामी केली गेली नाहीत. म्हणून रीडिंगच्या वहीत अंतराशेजारी रोजच्या वेगाचा रकाना असलाच पाहिजे.

(जुलै २०२१ मध्ये पाटण तालुक्यात आंबेघर, मिरगावला कोसळलं ते खडकावरचं भिजलेलं मातीचं ओझं. तिथे यातलं काही कामाचं नाही. इनक्लिनोमीटर (जमिनीचं झुकणं मोजणारं साधन), पाण्याची पातळी आणि पर्जन्यमापक लागतात.)

हालचाल मोजायचं ठरलं तर

एक्स्टेन्सोमीटर फेसच्या जितका जवळ आणि जितका लवकर बसेल तितका चांगला. एकूण हालचालीचा जवळपास तिसरा हिस्सा फेस तिथे पोचेपर्यंतच होऊन गेलेला असतो. फेस दोन रुंदी पुढे गेल्यावर बसवलेलं महागडं साधन सरळ रेष काढत राहतं आणि सगळे खूश होतात. मी ज्या कामावर शिकलो तिथे नेमकं हेच झालं होतं. ती सरळ रेष पाहून आम्ही बोल्ट कमी केले आणि पुढच्या पावसाळ्यात क्राउनमधून दोन ट्रक दगड खाली आला. माणूस लागला नाही, हे नशीब.

सर्वांत खोल अँकर बोगद्याच्या रुंदीच्या दीड-दोन पट आत हवा, नाहीतर ज्याला स्थिर धरताय तोच हलत असतो. रॉड स्टीलचे असतील तर तापमान लिहा: १० मीटरचा रॉड ५ अंशांनी तापला की ०.६ मिलिमीटर लांबतो, म्हणून तोंडाजवळच्या एप्रिलमधल्या दुपारच्या रीडिंगवर विश्वास ठेवू नका. फायबरग्लासचे घेतले तर हा त्रास बराच कमी. हेडवर लोखंडी टोपी हवी. पहिल्या सुरुंगाचा दगड बरोबर तिथेच लागतो. आणि टेप नेहमी एकाच माणसाने ओढावी.

अखंड काळ्या पाषाणात ६ मीटरच्या बोगद्याची भिंत नुसत्या लवचीकपणाने सरकेल ती पाव मिलिमीटरच्या आत, म्हणजे टेपच्या नजरेच्या जेमतेम काठावर. त्यामुळे टेपवर १ मिलिमीटर दिसला तर तो दाब नाही, सांधा सुटतोय असं समजा आणि त्याच दिवशी फेसवर जा.

त्या ठेकेदाराने शेवटी पहिलं कोटेशन घेतलं, थोडं बदलून. बोलचा पट्टा कोअरमध्ये सापडला होता त्या तीन ठिकाणी चार-चार अँकरचे एक्स्टेन्सोमीटर, क्राउनला व्हायब्रेटिंग वायरचं हेड. बाकी लांबीत दर २० मीटरला टेपच्या पिना, बोलच्या पट्ट्यात दर ५ मीटरला. लोड सेल दोनच. वाचलेल्या पैशांतून एका चांगल्या जागी फ्लॅट जॅकच्या दोन चाचण्या करायचं त्याने कबूल केलं आहे, दिवाळीनंतर, भिंत कापायची करवत मिळाली की.