शाळेच्या प्रयोगशाळेसाठी एअर ट्रॅक: आमचा अनुभव

नववीचा ‘गतीचे नियम’ हा पाठ शिकवताना पेल्यावरच्या पुठ्ठ्याला टिचकी मारून नाणे पेल्यात पाडण्याचा प्रयोग बहुतेक शाळांत होतो. त्यातून विरामाचे जडत्व, म्हणजे स्थिर वस्तूची स्थिरच राहण्याची प्रवृत्ती, समजते. परंतु बल काढून घेतल्यावरही वस्तू त्याच वेगाने पुढे जात राहते हे मुलांना पटत नाही, कारण ढकललेली प्रत्येक वस्तू त्यांनी थांबतानाच पाहिलेली असते. ही अडचण ओळखून आमच्या शाळेने अंबाल्याच्या एका उत्पादकाकडून दीड मीटर लांबीचा एअर ट्रॅक मागवला.

त्रिकोणी छेदाच्या पोकळ अ‍ॅल्युमिनियम पट्टीच्या दोन्ही उतरत्या बाजूंवर बारीक छिद्रे असून, त्यांतून येणाऱ्या ब्लोअरच्या हवेच्या पातळ थरावर ग्लायडर (ट्रॅकवर सरकणारी छोटी गाडी) तरंगतो. तो जागीच स्थिर राहिला की ट्रॅक समपातळीत आला, असे सोबतच्या पुस्तिकेत म्हटले आहे. आम्ही गतीतही पडताळा घेतला. ५ सेंटिमीटर रुंदीची उभी पट्टी लावलेला ग्लायडर पहिल्या फोटोगेटमधून (पट्टीने प्रकाशझोत किती वेळ अडवला ते मोजणारे साधन) ०.१०० सेकंदात गेला आणि दुसऱ्यातून ०.१०२ सेकंदात, म्हणजे वेग सेकंदाला ५० सेंटिमीटरवरून ४९ वर आला. उलट दिशेने सोडल्यावरही घट तेवढीच भरली, तेव्हा ती उताराची नसून हवेच्या रोधाची आहे, हे मुलांनीच सांगितले. पाठातील व्याख्या इतकी स्पष्टपणे उलगडलेली मी क्वचितच पाहिली आहे.

एक मीटर अंतरावरील पायांपैकी एका बाजूखाली १ सेंटिमीटरचा ठोकळा ठेवला की त्वरण सेकंदवर्गाला ९.८ सेंटिमीटर येते आणि विरामातून निघालेल्या ग्लायडरला अर्धा मीटर जायला सुमारे ३.२ सेकंद लागतात. साध्या स्टॉपवॉचनेही ते मोजता येते. पडण्याची गती मोजण्याजोगी मंद व्हावी म्हणूनच गॅलिलिओनेही उताराचा आधार घेतला होता.

ब्लोअरचा आवाज मात्र फार मोठा आहे, बोलणे ऐकू जावे म्हणून तो मधूनमधून बंद करावा लागतो. खडूच्या धुळीने छिद्रे बुजतात आणि ती बारीक तारेने मोकळी करावी लागतात. हवा बंद असताना ग्लायडर सरकवल्यास पृष्ठभागावर ओरखडे पडतात, ही सूचना पुस्तिकेत पहिल्याच पानावर हवी होती. तरीही मी हे उपकरण घेण्याची शिफारस करतो. मागणी नोंदवताना झाकण्यासाठी कापडी आवरण आणि समान वस्तुमानाचा जादा ग्लायडर आवर्जून मागावा.