चिकू आणि मनीचं नियमित ग्रूमिंग : दहा महिन्यांनंतर

चिकू आमचा शिह त्झू, वय ४ वर्षं. मनी ही पर्शियन मांजर, वय ११. गेले १० महिने चिकूला दर सहा आठवड्यांनी आणि मनीला दर दोन महिन्यांनी आम्ही एकाच ग्रूमरताईंकडे नेतो. त्याआधी आमच्याकडे असं काही ठरलेलं नव्हतं. वास यायला लागला की घरी आंघोळ, केस डोळ्यांवर यायला लागले की जिथे वेळ मिळेल तिथून कापून आणायचे.

हे बदललं ते चिकूच्या कानामागच्या जटेमुळे. वरून हात फिरवला तर केस छान मऊ लागायचे. एक दिवस बोटं आत घातली तेव्हा कातडीला लागून नमद्यासारखा घट्ट थर हाताला लागला. शिह त्झू, माल्टीज, पूडल यांचे केस माणसासारखे वाढत राहतात आणि गळलेला केस खाली पडण्याऐवजी शेजारच्या केसांत अडकतो. त्यात मी दर वेळी न विंचरताच आंघोळ घालत होते. गुंता ओला होऊन वाळला की आणखी आवळतो, म्हणजे प्रत्येक आंघोळीने मी ती जट पक्की करत होते.

तेव्हा ज्या सलूनमध्ये नेलं तिथे त्याला आत घेतलं आणि तीन तासांनी सगळे केस उतरवून बाहेर दिलं. केस उतरवले याबद्दल माझी तक्रार नाही. इतकी घट्ट जट ओढून सोडवणं म्हणजे जनावराचे हाल, ती मशीननेच काढावी लागते. तक्रार ही की पोटावर आणि मांडीच्या आत लाल चट्टे होते आणि ते कुणी सांगितलं नाही. रात्री तो ती जागा सारखी चाटत होता, कान झटकत होता. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी सांगितलं, तापलेल्या ब्लेडचा चटका आहे. कानांवरही दोन दिवस लक्ष ठेवायला लावलं, कारण कानावरची घट्ट जट निघाल्यावर कुत्री जोरात कान झटकतात आणि त्या झटक्यांनी पाळीत रक्त साकळू शकतं. हे मला घेऊन जाताना कुणी दोन वाक्यांत सांगितलं असतं तर ती रात्र वेगळी गेली असती.

आत्ताच्या ताईंकडे पहिल्या दिवशी वीस मिनिटं त्यांनी काहीच कापलं नाही. टेबलावर उभं करून आधी कोरडाच तपासला : काखा, कानामागे, पट्ट्याखाली, शेपटीच्या मुळाशी, मागच्या मांड्यांच्या आत. जटा याच ठिकाणी होतात, जिथे कातडी कातडीवर किंवा पट्टा केसांवर घासतो. लसी कधी झाल्या, अंगावर गोचिडाचं औषध कधी टाकलं, कुठे हात लावला की चिडतो, सगळं विचारून कार्डावर लिहिलं. मशीन चालवताना दर दोन-तीन मिनिटांनी त्या ब्लेड स्वतःच्या मनगटाच्या आतल्या बाजूला टेकवून बघतात. गरम लागलं की ब्लेड बदलतात. ही एक सवय बघूनच माझा जीव भांड्यात पडला.

पण या दहा महिन्यांत मला सगळ्यात जास्त उपयोगी पडलं ते त्यांनी शिकवलेलं विंचरणं. मी स्लिकर ब्रश (बारीक वाकड्या तारांचा ब्रश) वरवर फिरवत होते, त्याने वरचा थर चमकतो आणि आतला गुंता तसाच राहतो. त्यांनी माझा हात धरून दाखवलं. चिकूला कुशीवर झोपवायचं. डाव्या हाताने केस वर उचलून धरायचे, इतके की खाली कातडीची रेघ दिसली पाहिजे. त्या रेघेजवळची एक बारीक बट खाली सोडायची, ब्रश करायची, मग स्टीलची फणी मुळापासून टोकापर्यंत न्यायची. फणी अडली नाही तरच पुढची बट. गाठ लागली तर ती मुळाशी चिमटीत धरायची म्हणजे कातडी ओढली जात नाही, आणि टोकाकडून थोडं थोडं सोडवत आत यायचं. पोटापासून पाठीपर्यंत असं करत गेलं की एका बाजूला मला साधारण दहा मिनिटं लागतात. एक दिवस डावी बाजू, दुसऱ्या दिवशी उजवी. डोकं, कान आणि काखा मात्र रोज.

मध्यंतरी घरातल्या अडचणींमुळे आमची एक भेट चुकली आणि नऊ आठवड्यांचं अंतर पडलं. तरी रोजची फणी चालू होती, त्यामुळे ताईंना एकही जट सापडली नाही, फक्त केस लांब झाले होते. त्याआधी एकदा उलटं झालं होतं. भेट वेळेवर होती, पण मधले दोन आठवडे मी विंचरलं नव्हतं. त्या वेळी दोन्ही काखा उतरवाव्या लागल्या. म्हणून कुणी विचारलं की सलून किती दिवसांनी, तर मी आधी विचारते की घरी फणी किती दिवसांनी.

नखांचा फरक तर कानाने कळतो. पूर्वी चिकू फरशीवरून चालला की टकटक आवाज यायचा. नखाच्या आत रक्तवाहिनी असते आणि नख वाढू दिलं की तीही पुढे सरकते, त्यामुळे एकदम आखूड कापता येत नाही. थोडं थोडं आणि नियमित कापत गेलं की ती मागे हटते. चौथ्या भेटीनंतर टकटक बंद झाली. पायाच्या आतल्या बाजूचं वरचं नख जमिनीला लागत नाही, म्हणून ते झिजत नाही आणि गोल वळून कातडीत घुसू शकतं. घरी नखं कापणाऱ्यांनी ते विसरू नये.

आता मनीबद्दल. मांजरं स्वतःच चाटून स्वच्छ राहतात, त्यांना ग्रूमिंग कशाला, असं मलाही बरेच जण म्हणाले. आखूड केसांच्या तरुण मांजराबाबत ते बरंचसं खरं आहे. पण पर्शियनच्या केसांना तिची जीभ पुरत नाही. शिवाय वय झालं, सांधे दुखायला लागले की मांजर कमरेपर्यंत वळून पोहोचत नाही. मनीच्या कमरेवर आणि मागच्या बाजूला गाठी व्हायला लागल्या होत्या. मला वाटायचं ती आळशी झाली आहे, आणि ती बिचारी वळू शकत नव्हती.

मांजराची गाठ कात्रीने कधीही कापू नका. त्यांची कातडी पातळ आणि सैल असते, गाठीबरोबर तीही वर उचलली जाते आणि कात्रीत सापडते. ताई छोट्या ट्रिमरने काढतात, कातडी दुसऱ्या हाताने सपाट ताणून. मनीची वेळ सकाळची पहिली असते, तेव्हा तिथे एकही कुत्रा नसतो. ती टॉवेलमध्ये, एक मदतनीस तिच्याशी हळू बोलत असतो आणि शेपूट आपटायला लागली किंवा कान मागे गेले की काम थांबतं. पहिल्या भेटीत अर्धंच काम झालं आणि उरलेलं आठवड्याने केलं. आंघोळ आम्ही तिसऱ्या भेटीनंतर बंदच केली. तिला त्याचा फार ताण होत होता आणि विंचरणं, मागच्या बाजूचे केस आखूड ठेवणं आणि नखं एवढ्यात तिचं भागतं. केसांचे गोळे उलटून पडणंही आमच्याकडे बरंच कमी झालं.

घरात दोन्ही प्राणी असतील तर एक गोष्ट जपा. कुत्र्यांच्या पिसू-गोचिडांच्या काही औषधांत परमेथ्रिन असतं आणि ते मांजराला विषारी असतं. चिकूसाठी वापरलेलं काहीही मनीच्या टबात, टॉवेलवर येऊ नये म्हणून मी दोघांच्या वस्तू वेगळ्या ठेवते.

न आवडलेल्या गोष्टीही आहेत. शेवटी मारला जाणारा सुगंधी स्प्रे मी बंद करायला सांगितला, मनी तो वास जाईपर्यंत अंग चाटत बसायची. ब्लोअरचा आवाज चिकूला अजून सोसत नाही. कानांवरून कापडी पट्टा बांधला तर थोडा शांत राहतो, पण थरथरतो. ताई कमी वेगावर हाताने वाळवतात, त्यात वेळ जातो. मी तो देते, कारण चपट्या नाकाच्या कुत्र्याला पिंजऱ्यात बंद करून गरम हवा सोडणं जिवावर बेतू शकतं. नवीन ठिकाणी जाणार असाल तर वाळवतात कसे हा प्रश्न आधी विचारा.

आणि लॅब्रॅडॉर, हस्की, जर्मन शेफर्ड असेल तर गरम होतं म्हणून पूर्ण केस उतरवू नका. त्यांचा आतला मऊ थर विंचरून मोकळा करायचा असतो. उतरवलेले केस कधीकधी नीट परत येतच नाहीत.

सातव्या भेटीत ताईंच्या बोटांना चिकूच्या डाव्या काखेजवळ वाटाण्याएवढी गाठ लागली. माझ्या हाताखालून ती निसटली होती. त्यांनी मला बोलावलं, माझं बोट तिथे ठेवलं आणि आजच डॉक्टरांना दाखवा म्हणाल्या. सुईने तपासून डॉक्टरांनी चरबीची गाठ असल्याचं सांगितलं आणि आकारावर लक्ष ठेवायला लावलं. कार्डावर तिची जागा आणि तारीख लिहिलेली आहे. डाव्या बाजूची फणी झाली की मी तिथे बोट टेकवते, चिकू पाय वर करून स्वस्थ पडून राहतो. गाठ अजून तेवढीच आहे.