फ्लो ट्यूब घ्यावी की लेझर? सेंद्रिय रॅडिकलचा वेग मोजताना

गॅस फेजमधल्या सेंद्रिय रॅडिकलवर (एकटा इलेक्ट्रॉन असलेल्या, पटकन अभिक्रिया करणाऱ्या रेणूच्या तुकड्यांवर) पीएचडी करायची, तर पहिल्या वर्षातच ठरवावं लागतं: डिस्चार्ज फ्लो ट्यूब (वाहत्या वायूची नळी) उभी करायची की लेझर फोटोलिसिस (लेझरच्या प्रकाशाने रेणू फोडून रॅडिकल बनवणं)? पैसा, जागा हे मुद्दे आहेतच. पण आधी रॅडिकल कोणता, ते सांगा.

फ्लो ट्यूबमध्ये वेळ पट्टीने मोजतात. वायू सेकंदाला १० मीटर वेगाने जात असेल, तर सरकता इंजेक्टर (वायू आत सोडणारी बारीक नळी) १ सेंटिमीटर मागे ओढला की अभिक्रियेला १ मिलिसेकंद जास्त मिळाला. शिवाय सिग्नल स्थिर असतो. मास स्पेक्ट्रोमीटर (रेणू वस्तुमानावरून ओळखणारं यंत्र) निवांत सरासरी घेत बसतो. मिथाइल हवा असेल तर मायक्रोवेव्ह डिस्चार्जमधून फ्लोरीनचे अणू काढा आणि मिथेनवर सोडा, काम झालं. प्रोपेन घेतलंत की मात्र एन-प्रोपाइल आणि आयसोप्रोपाइल अशी खिचडी हाती येते. दाबही साधारण १ ते १० टॉर; वातावरणीय दाबावरची उत्तरं इथे मागू नयेत.

लेझरची गोष्ट वेगळी. १९४९ मध्ये नॉरिश आणि पोर्टर या रसायनशास्त्रज्ञांनी फ्लॅश दिव्याने जे सुरू केलं, ते आता अतिनील पल्स देणारा एक्सायमर लेझर करतो. १९३ नॅनोमीटरला ॲसिटोनपासून मिथाइल मिळतो, १,५-हेक्साडाईनपासून ॲलिल. रॅडिकल नळीभर एकाच क्षणी जन्मतात आणि घड्याळ तिथूनच सुरू होतं. दाबाची मोकळीकही बरीच, निदान ऑप्टिकल डिटेक्शन (प्रकाशाच्या साहाय्याने रॅडिकल मोजणं) असेल तर.

इथे नवशिके सिग्नलच्या मोहाने लेझरची ऊर्जा वाढवतात. मिथाइलचं बघा: घन सेंटिमीटरमध्ये १०० अब्ज रॅडिकल असतील, तर आपापसात जुळून इथेन होण्याचा सुरुवातीचा वेग सेकंदाला १२ च्या आसपास. १,००० अब्ज केलेत की तोच १२०. मोजायची अभिक्रिया सेकंदाला १०० ची असेल तर ती या गर्दीतच बुडाली. सिग्नल कमी आला तरी चालेल, पल्स वाढवून सरासरी घ्या.

खरा निकाल लागतो तो ॲलिलसारख्या स्थिर रॅडिकलपाशी. एकटा इलेक्ट्रॉन दोन्ही टोकांवर वाटला गेल्याने ऑक्सिजनशी होणारा बंध एथिलच्या तुलनेत जेमतेम निम्म्या ताकदीचा. तापमान १०० अंश सेल्सियसच्या पुढे नेलं की ॲलिल आणि ऑक्सिजन जुळून झालेला पेरॉक्सी रॅडिकल उलटा फुटू लागतो. आलेखावर सिग्नल आधी झपकन पडतो, मग थबकून सावकाश उतरतो. या दुहेरी उतारातून पुढचा वेग, उलटा वेग आणि समतोल स्थिरांक, म्हणजे बंधाची ताकदही मिळते. लेझर फोटोलिसिसला फोटोआयनीकरण मास स्पेक्ट्रोमीटर जोडून हे छान मोजता येतं. फ्लो ट्यूबमध्ये तोच सावकाश उतार भिंतीवर होणाऱ्या ऱ्हासात मिसळतो. त्यात फ्लोरीन प्रोपीनच्या दुहेरी बंधावरही चढतो, त्यामुळे शुद्ध ॲलिल मिळणं मुश्कील.

स्मॉग चेंबरमधली (हवेतल्या अभिक्रिया घडवण्याच्या बंद पेटीतली) सापेक्ष वेग पद्धत, म्हणजे वेग माहीत असलेल्या संयुगाशी तुलना? ओएच (हायड्रॉक्सिल) रॅडिकलने एखादं संयुग किती लवकर संपतं, यासाठी उत्तम आणि स्वस्त. पण मिथाइल-एथिलसारखा अल्काइल रॅडिकल, संयुगं वेगळी करून मोजणाऱ्या गॅस क्रोमॅटोग्राफपर्यंत टिकतच नाही.

म्हणून ॲलिल, प्रोपार्जिल किंवा बेंझिल असेल तर लेझरसाठीच अर्ज करा, निधीला वर्षभर उशीर झाला तरी. मिथाइल-एथिलच्या कमी दाबावरच्या अभिक्रिया आणि त्यांची उत्पादनं एवढंच हवं असेल, तर फ्लो ट्यूब पुरे. फक्त पंपावर काटकसर करू नका, आणि नळीला आतून हॅलोकार्बन मेणाचा थर द्यायला विसरू नका.