कावळा निवडायचा तर कोणता?

इंग्रज कवी टेड ह्यूजचं 'क्रो' घ्यायचं की आजचा इंग्रज लेखक मॅक्स पोर्टरचं 'ग्रीफ इज द थिंग विथ फेदर्स', हा प्रश्न आमच्या वाचनकट्ट्यावर बरेच दिवस घोळतोय. सोलापुरात इंग्रजी कवितेचं पुस्तक दुकानात उभ्याने चाळून घ्यायची सोय फारशी नाही. मागवायचं आणि मग पस्तावायचं, त्यापेक्षा आधीच बोलून घेतलेलं बरं. दोन्ही पुस्तकं फेबर अँड फेबर प्रकाशनाची, दोन्ही अंगाने बारीक, आणि कावळाही खरं तर एकच; पोर्टरने तो ह्यूजकडूनच उसना आणलाय. तरी दोन्ही पुस्तकं एकाच माणसाला सुचवावीत असं मला वाटत नाही.

'क्रो' १९७०चं. लेनर्ड बास्किन हा अमेरिकी शिल्पकार-चित्रकार कावळ्यांची चित्रं काढत होता; त्यांच्या जोडीला कविता लिही, असं त्याने ह्यूजला सुचवलं. ह्यूजच्या डोक्यात त्यातून कावळ्याचं एक अख्खं पुराणच उभं राहिलं: जन्म, परीक्षा, देवाशी कुरापती, भटकंती. ते पुराण कधी पुरं झालं नाही, छापून आल्या त्या त्यातल्या सुट्या कविता. अर्पणपत्रिकेत आसिया आणि शूरा ही दोन नावं आहेत. ह्यूजची जोडीदार आसिया वेव्हिल हिने मार्च १९६९मध्ये चार वर्षांच्या मुलीसह, शूरासह, जीवन संपवलं. त्याआधी १९६३मध्ये त्याची पत्नी सिल्व्हिया प्लाथ हिनेही आत्महत्याच केली होती. कवितांमध्ये यातलं काही थेट येत नाही, पण पुस्तक एवढं काळं का, हे विचारायची गरजही उरत नाही.

नमुन्याला 'एक्झामिनेशन ॲट द वूम-डोअर' घ्या. गर्भाच्या दारातच कावळ्याची तोंडी परीक्षा चाललीय. हे काटकुळे पाय कोणाचे? मृत्यूचे. ही अजून चालणारी फुप्फुसं? मृत्यूची. असं एकेक अवयव मृत्यूच्या नावावर चढत जातं, आणि शेवटी मृत्यूपेक्षा बलवान कोण, असं विचारल्यावर कावळा म्हणतो, मीच की, दिसतंय ना. पास! आता आपल्या ज्ञानोबांची विरहिणी आठवा. 'उड उड रे काऊ, तुझे सोन्याने मढवीन पाऊ.' पाय तेच. तिथे शकुन सांगितला म्हणून सोन्याने मढवायचे, इथे जन्माआधीच मृत्यूच्या सातबाऱ्यावर. 'पैल तो गे काऊ' कानात घेऊन वाढलेल्या माणसाला ह्यूज पहिला झोंबतो तो इथे, आणि मला वाटतं इंग्रज वाचकापेक्षा जास्त झोंबतो.

विनोदही आहे, पण जातीचा खवचट. 'क्रोज फर्स्ट लेसन'मध्ये देव त्याला प्रेम हा शब्द शिकवायला बसतो. कावळा चोच उघडतो आणि बाहेर पडतो शार्क मासा. पुन्हा उघडतो, तर माश्या नि डास. 'क्रोज फॉल'मध्ये तो मुळात पांढराशुभ्र असतो, सूर्यावर चाल करून जातो, जळून कोळसा होऊन परततो आणि वर सांगतो, जिंकलो. (कुठल्याही निवडणुकीच्या निकालानंतर वाचून पाहा.)

भाषेची धास्ती मात्र घेऊ नका. या कवितांमध्ये गोडवा अजिबात नको, कावळ्याच्या तोंडी शोभेल अशी ओबडधोबड भाषा हवी, हे ह्यूजने ठरवूनच केलं होतं. शब्द छोटे, वाक्यं तुटक. अडचण येते ती बायबलची. आदम आणि ईव्ह, साप, सफरचंद, क्रूस, एवढी गोष्ट माहीत नसेल तर निम्म्या कुरापती डोक्यावरून जातात. आधी एखाद्या संध्याकाळी ती कोणाकडून ऐकून घ्या.

पोर्टरचं पुस्तक २०१५चं, त्याचं पहिलंच. त्याला २०१६चं डिलन थॉमस पारितोषिक मिळालं. लंडनमधला एक फ्लॅट, दोन लहान मुलं, त्यांची आई अचानक गेलेली, आणि बाप ह्यूजच्या 'क्रो'वरच पुस्तक लिहिणारा अभ्यासक. एका रात्री बेल वाजते आणि माणसाला उचलेल एवढा कावळा घरात शिरतो, कुजका वास आणि पिसं घेऊन. तुम्हाला माझी गरज उरणार नाही तोवर मी जाणार नाही, असं बजावतो. पुढे बाप, मुलं आणि कावळा आळीपाळीने बोलतात. कादंबरी म्हणा, कविता म्हणा, वाचायला एक बैठक पुरते. मुलांचे तुकडे सगळ्यात सरस आहेत, कारण ती खोटं बोलतात, भांडतात, आईच्या आठवणी वाटेल तशा बनवतात. कावळ्याची बडबड अधूनमधून लाडावलेली वाटते. तिथे मूळ कावळ्याची धार नाही.

आपल्याकडे दहाव्याला पिंडाला कावळा शिवला नाही की सगळे कावरेबावरे होतात. गेलेल्याच्या मनात काय राहिलं असेल ते आठवू लागतात, मग कोणीतरी पुढे होऊन मोठ्याने सांगतं, पोरांची काळजी करू नको, आम्ही आहोत. पोर्टरचा कावळा याच घरातला वाटतो. फरक एवढाच, की तो शिवतो आणि मुक्कामच ठोकतो. ह्यूजचा कावळा कोणाचा पितर नाही. त्याला तुमच्या घरात कोण गेलं याच्याशी देणंघेणं नाही. म्हणून ज्यांच्या घरी नुकतंच काही घडलंय त्यांना 'क्रो' भेट देऊ नका, कविता कितीही थोर असली तरी. त्यांना पोर्टर द्या, तोही दोन-चार महिने जाऊ देऊन.

पक्षीच हवा पण एवढा अंधार नको, असं कट्ट्यावर दोघा-तिघांचं म्हणणं पडलं. त्यांनी सरळ फारसी सूफी कवी फरीदुद्दीन अत्तारचं 'मन्तिक-उत-तैर' हे पक्ष्यांचं काव्य धरावं. हुदहुद या तुरेवाल्या पक्ष्याच्या मागे निघालेले पक्षी, सात दऱ्या आणि शेवटी सीमुर्ग, म्हणजे पक्ष्यांचा पुराणातला राजा. पेंग्विनच्या १९८४च्या इंग्रजी अनुवादात यमकंही छान जमलीत.

कट्ट्यासाठी माझं मत 'क्रो'ला. पोर्टर ज्याने त्याने एकट्याने वाचायचा; दहा जणांत त्यावर बोलायला गेलं की प्रत्येक जण आपल्या घरातलं दुःख काढून बसतो, आणि पुस्तक बाजूला राहतं. 'क्रो' मोठ्याने वाचला की वाद होतात. स्त्रीदेहाबद्दलच्या काही ओळींवर तर होतीलच, व्हायलाही हवेत. कट्ट्यावर कॉलेजची पोरं येतात, म्हणून कोणत्या कविता घ्यायच्या हे आधी ठरवलेलं बरं. मागवताना १९७२ नंतरची आवृत्ती बघा, तिच्यात सात कविता जास्तीच्या आहेत. आणि पहिल्या पानापासून सुरू करू नका. आधी 'क्रोज फॉल', मग ती तोंडी परीक्षा; 'लव्हसाँग' कट्टा थोडा रुळल्यावर.