पॅप, एचपीव्ही की व्हीआयए? आधी ठरवा, मग तारीख घ्या

गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी तीन तपासण्या आहेत: पेशी पाहणारी पॅप, हा कर्करोग घडवणारा एचपीव्ही विषाणू शोधणारी एचपीव्ही, आणि ॲसिटिक ॲसिड लावून नुसत्या डोळ्यांनी बघायची व्हीआयए. तिशी उलटली असेल आणि खर्च झेपत असेल, तर आमचं मत एचपीव्हीला. आधार घरचाच आहे: उस्मानाबाद जिल्ह्यातल्या 30 ते 59 वयाच्या 1,31,746 बायकांचा अभ्यास 2009 साली प्रसिद्ध झाला. एकदाच केलेल्या एचपीव्ही तपासणीच्या गटात या कर्करोगाचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले; पॅप आणि व्हीआयएच्या गटांत तेवढा फरक दिसला नाही.

एचपीव्ही तपासणी विषाणू शोधते. निगेटिव्ह आली की पाच वर्षं निवांत. पॉझिटिव्ह म्हणजे कर्करोग नव्हे, पुढची तपासणी लागेल एवढंच. तिशीच्या आत मात्र हा संसर्ग सर्रास होतो आणि बहुतेक वेळा आपोआप जातो, म्हणून उगाच धास्ती. त्या वयात पॅप बरी, दर तीन वर्षांनी.

पॅपमध्ये पेशी पाहतात, त्यामुळे सगळी मदार नमुन्यावर आणि पाहणाऱ्याच्या नजरेवर. काचेवरचा नमुना अल्कोहोलमध्ये लगेच बुडवला नाही तर पेशी सुकतात आणि रिपोर्टवर ‘नमुना अपुरा’ येतं. तारीख घेतानाच विचारा, ‘काचेवर घेता की लिक्विड बेस्ड?’ लिक्विड, म्हणजे नमुना द्रवाच्या बाटलीत घेत असतील, तर त्याच बाटलीतून एचपीव्हीही करता येते.

व्हीआयए सरकारी केंद्रात मोफत होते. 3 ते 5 टक्के ॲसिटिक ॲसिड लावतात, मिनिटभर थांबतात, पांढरा चट्टा उठतो का ते बघतात. निकाल जागच्या जागी, खेड्यातून येणारीला दुसरी खेप नको. पण पाळी गेल्यावर बघायचा भाग आत सरकतो, मग व्हीआयएवर विसंबू नका.

पॅपची तारीख पाळी सुरू झाल्यापासून 10 ते 20 दिवसांत धरा. रक्तात पेशी झाकल्या जातात. आधीचे दोन दिवस संबंध, योनीत ठेवायच्या गोळ्या, क्रीम आणि आतून धुणं बंद. उपाशी राहायची गरज नाही, लघवी करून जा. साडी किंवा सैल कुर्ता सोयीचा.

पिशवी काढली असेल तर डिस्चार्ज कार्ड बरोबर न्या. गर्भाशयमुख आत ठेवलं असेल तर तपासणी चालूच ठेवावी लागते, आणि हे अनेकींना सांगितलेलंच नसतं.

संबंधानंतर किंवा पाळी गेल्यावर रक्त दिसत असेल, तर यातलं काहीच निवडत बसू नका. थेट स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जा.